लिहिले कोणी, वाचले कोणी

पुणे-सोलापूर महामार्गावरचे टेंभुर्णी बहुतेकांना ठाऊक असते. या पुस्तिकेतले टेंभुर्णी ते नव्हे. हे जालना जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्यातले, मराठवाड्याच्या अगदी कडेचे. थोडे पुढे गेले की बुलढाणा जिल्हा लागतो आणि बोलीत वऱ्हाडी सूर ऐकू येऊ लागतो. ज्या गावाविषयी लिखाण जास्त, त्याची माहिती मजकूर लिहून देणाऱ्या एआय यंत्राच्या तोंडी आधी येते. म्हणून इथल्या एखाद्या मुलीने फोनवर ‘माझे गाव टेंभुर्णी’ असा निबंध मागितला, तर सोलापूरकडचा ऊस आणि महामार्गावरची वर्दळ जाफ्राबादच्या टेंभुर्णीला चिकटून येण्याची शक्यता मोठी आहे. निबंध नीटनेटका असेल, शुद्धलेखनाची चूक नसेल, शेवटी गावाविषयीचा अभिमानही असेल. मुलीने तो जसाच्या तसा वहीत उतरवला आणि सरांनी ‘छान’ असा शेरा मारून सही केली, तर फसवले कोणी आणि फसले कोण?

ही पुस्तिका शिक्षकांसाठी आहे आणि या प्रश्नाभोवती उभी आहे. लिहून देणारी यंत्रे आल्यावर शिक्षकांना काय वाटते, विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाविषयी ते काय समजतात, आणि गावातल्या शाळा-महाविद्यालयात त्यावर काय करता येते, हे पुढल्या पानांत आहे. त्याआधी विषयाची पार्श्वभूमी नीट समजून घ्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

असे लिहून देणारे चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी आपल्या यंत्रणेवर त्याला बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठवलीही. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणातल्या वापरासाठी मार्गदर्शिका काढली आणि वर्गात स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची शिफारस केली. आपल्याकडे मात्र ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता खेड्यापर्यंत आली. जून २०२४ मध्ये भारतात व्हॉट्सअ‍ॅपमध्येच मेटा एआय हे तसेच यंत्र दिसू लागले. ज्या फोनवर आई बाजारभाव विचारते आणि वर्गाचा ग्रुप चालतो, त्याच फोनवर एक निळे वर्तुळ आले. २०२५ मध्ये मोबाइल कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना आणि गुगलने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशा साधनांच्या पैसे मोजाव्या लागणाऱ्या आवृत्त्या काही काळ फुकट दिल्या. त्यामुळे ‘आमच्याकडे अजून हे आले नाही’ असे म्हणणारा शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांच्या बराच मागे राहिला आहे.

शिक्षकखोलीत या विषयावर बोलणे निघाले की पहिला सूर रागाचा असतो: पोरांची बुद्धी गंजणार, सगळे बंद करा. हा राग मला खोटा वाटत नाही. ज्याने तीस वर्षे मुलांची अक्षरे घडवली, त्याला आयते लिखाण पाहून वाईट वाटणारच. दुसरा सूर कौतुकाचा असतो. इंग्रजीच्या तासाला बिचकणाऱ्या मुलाला कोणी न हसता दहा वेळा समजावून सांगते, हे काही थोडे नाही, असे म्हणणारे तरुण शिक्षक आहेत आणि त्यांचेही खरे आहे. पण मला सर्वांत जास्त विचार करावासा वाटतो तो तिसऱ्या सुराचा, जो उघड ऐकूच येत नाही. पाठ टाचण, उपक्रमाचा अहवाल, कार्यक्रमाचे सूत्रसंचालन, वरिष्ठांना पाठवायची माहिती हे सगळे यंत्राकडून लिहून घेणारा आणि त्याविषयी चकार शब्द न काढणारा शिक्षक आज प्रत्येक शाळेत सापडेल. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांच्या रेट्यात त्याने वेळ वाचवला, यात मला गैर वाटत नाही. पण वर्गात तोच मुलांना ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणतो, तेव्हा प्रामाणिकपणाचा नियम फक्त धाकट्यांसाठी असतो असे मुले शिकतात. मुलांना हे सगळे दिसते.

यंत्र येण्यापूर्वी आपल्याकडचे लिखाण कोणाचे होते, हेही एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या दहावी-बारावी पार झाल्या. अकरावी-बारावीचा पर्यावरणाचा प्रकल्प, नववी-दहावीची जलसुरक्षेची वही, विज्ञानाचे जर्नल यांच्या तयार प्रती झेरॉक्सच्या दुकानात मिळत आल्या आहेत. आधल्या वर्षीच्या मुलाची वही मागून उतरवणे याला तर कोणी चोरीही म्हणत नाही. बी.एड.ची पाठनियोजने वर्षानुवर्षे हातोहात फिरली आणि त्यांतूनच आजचे शिक्षक तयार झाले. या सगळ्यावर सह्या झाल्या, गुण पडले. कोणी वाचले नाही, कारण वाचण्यासाठी ते मागवलेलेच नव्हते, दप्तर पुरे करण्यासाठी मागवले होते. यंत्राने या व्यवहाराचा खर्च शून्यावर आणला आणि झेरॉक्सवाल्याला बाजूला सारले. म्हणून ‘एआयमुळे प्रामाणिकपणा संपला’ हे वाक्य मला मान्य नाही. जे आधीच पोकळ होते, ते आता उघडे पडले आहे.

मराठवाड्याला कॉपीचा जुना इतिहास आहे आणि तिच्याशी लढण्याचाही आहे. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ सालचा. भरारी पथके, बैठी पथके आणि ‘गैरमार्गाशी लढा’च्या पाट्या आपण सर्वांनी पाहिल्या. २०१० च्या सुमारास श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना तिथे कॉपीमुक्तीची मोहीम जिद्दीने राबवली गेली. सुरुवातीला निकाल घसरला, पालक हादरले, पण ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव राज्यभर आदराने घेतले गेले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दहावीच्या पहिल्याच, मराठीच्या पेपरला आपल्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूरचे नाव बातम्यांत आले. पेपर फुटल्याची चर्चा झाली, मंडळाने ती नाकारली. मातृभाषेच्या पेपरलाही उत्तरे बाहेरून आणावीशी वाटतात, याचे दुःख मात्र कोणत्याही खुलाशाने कमी होत नाही.

नांदेडच्या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली: प्रशासनाने मनावर घेतले तर परीक्षागृहातली कॉपी थांबते. पण घरी लिहिलेल्या निबंधावर कोणते पथक बसवणार? नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, क्षेत्रकार्य यांचे वजन वाढले आहे, आणि हे सगळे लिखाण परीक्षागृहाबाहेरचे आहे. कॉपी पकडण्याची जी शिस्त आपण इतकी वर्षे कमावली, ती नेमकी इथे कामी येत नाही.

उच्च शिक्षणात यासाठी नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ या योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासण्याची संगणकप्रणाली मिळू लागली. संशोधक विद्यार्थी ‘माझे किती टक्के आले’ असे विचारू लागले, आणि टक्का खाली आणण्यासाठी शब्द फिरवून देणारे धंदेही उभे राहिले. या नियमांच्या पोटात एक गृहीत आहे: चोरी म्हणजे कोणाचे तरी चोरणे. मूळ लेख कुठेतरी असणार आणि तो सापडणार. चॅटजीपीटीसारखे भाषायंत्र मात्र प्रत्येक वेळी नवी वाक्यरचना करते. जुळवून पाहायला मूळ लेखच नसतो. साम्य दोन टक्के येते आणि तरीही त्यातले एकही वाक्य विद्यार्थ्याचे नसते.

मग शिक्षकांनी दुसऱ्या यंत्राचा आधार घेतला: हे लिखाण यंत्राचे आहे का, ते सांगणारे ओळखयंत्र. या ठिकाणी मला प्रत्येक शिक्षकाला हात जोडून थांबवावेसे वाटते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच २०२३ च्या सुरुवातीला असे एक ओळखयंत्र काढले होते. त्यांच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरांपैकी फक्त २६ टक्के त्याला पकडता आले आणि माणसाने लिहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर त्याने खोटा आळ घेतला. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून त्यांनी ते मागे घेतले. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टर्निटिन या कंपनीचे ओळखयंत्र बंद केले. त्यांचा हिशेब साधा होता: वर्षाला ७५,००० लेख तपासले जातात, चूक एकच टक्का धरली तरी साडेसातशे लेखांवर खोटा आळ येतो.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास स्टॅनफर्डचा आहे. २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी सात ओळखयंत्रांना, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे निर्दोष सुटले. कारण समजून घेण्यासारखे आहे. ओळखयंत्र प्रामुख्याने पुढला शब्द किती अपेक्षित आहे हे मोजते. ज्याची शब्दसंपत्ती थोडी, वाक्ये साचेबंद, त्याचे लिखाण यंत्राला यंत्रासारखे वाटते.

आता आपल्या मुलांकडे पाहा. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने शेतीवरचा निबंध सुरू करायला त्यांना आपणच शिकवले. प्रत्येक निबंधाला प्रस्तावना, मुद्दे, समारोप आणि शेवटी सुविचार ही चौकट आपणच आखून दिली. पाठ केलेले उत्तर तंतोतंत उतरले की पैकीच्या पैकी गुण दिले. अशा शिस्तीत वाढलेल्या, मान खाली घालून स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या लिखाणाकडे ओळखयंत्र संशयाने पाहण्याची शक्यता मोठी आहे. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीवर असा आळ आला, तर ती वकील करणार नाही, अर्ज देणार नाही, ती शिक्षणच सोडेल. हरियाणातल्या ओ. पी. जिंदल विद्यापीठात कायद्याच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याची उत्तरे यंत्रलिखित ठरवून त्याला नापास केले गेले होते. तो २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला, आणि विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर याचिका निकाली निघाली. तो कायदा शिकलेला होता. आमच्या तालुक्यातल्या मुलांसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, पण तिथवर जाण्याचे बळ त्यांच्यापाशी नाही.

मुले यंत्राकडे का वळतात, याचे शिक्षक देत असलेले उत्तर ठरलेले आहे: आळस. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण या भागात मला त्याच्या तळाशी लाज दिसते. ‘मह्या’, ‘तुह्या’ म्हणत वाढलेले मूल पहिलीत आले की त्याच्या बोलण्यावर तांबडी रेघ उमटते. दहा वर्षे ती रेघ पाहिल्यावर आपल्या तोंडची मराठी चुकीचीच असते, हे त्याच्या मनात घट्ट बसते. मग कोणीतरी त्याला फोनवर शुद्ध, गुळगुळीत, पुस्तकी मराठी फुकट देते, तेही न हसता. मुलाने ती का नाकारावी? ज्या शिक्षकाला मुलाने स्वतःचे लिहावे असे मनापासून वाटते, त्याने मुलाच्या स्वतःच्या भाषेला वहीत जागा दिली पाहिजे. पहिला कच्चा मजकूर बोलीत येऊ द्यावा, प्रमाण मराठीकडे नंतर जाता येते. मुलाचा आवाज एकदा ऐकलेला असला की दुसऱ्याचा आवाज ओळखायला ओळखयंत्र लागत नाही.

कोणाचे शब्द कोणाचे, याची काळजी घेण्याची परंपरा आपल्याच मातीत आहे. शेजारच्या भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे क्षेत्र आहे. त्या पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, आणि त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मराठी गद्यातला हा आद्य ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, असा विचारून-पडताळून सिद्ध झाला. पुढे त्याचे वेगवेगळे पाठ झाले तेव्हा कोणता पाठ कोणाचा, हेही पंथाने जपले. संदर्भ देणे ही परदेशातून आलेली कटकट आहे असे मानणाऱ्या प्राध्यापकांना मी हे आवर्जून सांगतो. भाषायंत्र नेमके इथेच कच्चे आहे. ते पुस्तकांची आणि लेखकांची नावे बेधडक रचते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला पाच हजार डॉलर दंड केला, कारण चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे त्यांनी न्यायालयापुढे ठेवले होते. मराठी पुस्तकांविषयी तर जालावर मुळात मजकूर कमी, त्यामुळे यंत्राच्या कल्पनेला मोकळे रान मिळते.

मग करायचे काय? पुढल्या टिपणांत सविस्तर आहे, इथे थोडेच सांगतो. प्रश्न असा द्यावा की ज्याचे उत्तर यंत्रापाशी नाही आणि मुलापाशी आहे. जालना हे बियाण्यांचे गाव, आणि या पट्ट्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे बीजोत्पादन चालते. पहाटे उठून फुलांचे क्रॉसिंग करायला जाणाऱ्या किती मुली आपल्या वर्गात आहेत! नर वाणाच्या फुलांचे परागकण कसे वाळवतात, कळी कोणत्या दिवशी उघडायची, हात कसा हलका ठेवायचा, मजुरी कशी ठरते, यावर त्या जे लिहितील ते वनस्पतिशास्त्रही असेल आणि अर्थशास्त्रही. पूर्णा नदीला पाणी किती दिवस होते, हे आजोबांना विचारून, त्यांचे नाव घालून लिहिलेले एक पान जलसुरक्षेच्या विकत घेतलेल्या प्रकल्पाहून मोलाचे आहे. आणि यंत्राला वर्गातून हाकलण्यापेक्षा त्याला वर्गात आणून तपासावे. टेंभुर्णीविषयी त्याने दिलेला निबंध फळ्यावर लिहावा आणि मुलांना म्हणावे, यात खोटे काय ते शोधा, आणि कशावरून खोटे तेही सांगा. आपल्या गावाविषयी आपण त्याच्याहून जाणकार आहोत, हे मुलाला एकदा कळले की त्याचा यंत्राशी असलेला संबंधच बदलतो.

वापराची कबुली लिहून देण्याची सवयही लावावी: कशासाठी विचारले, काय घेतले, काय बदलले. पण ही कबुली शिक्षकाने आधी द्यावी. ‘हा प्रश्नसंच मी यंत्राच्या मदतीने काढला, तिसरा आणि सातवा प्रश्न चुकीचे होते म्हणून बदलले’ असे वर्गात सांगणाऱ्या शिक्षकापुढे खोटे बोलायला मुलाला जड जाईल.

आणि तोंडी विचारावे. लिखाण पुढ्यात ठेवून दोन-तीन प्रश्न: हा शब्द का घातलास, हे कोणी सांगितले, इथे तुला काय म्हणायचे होते? ही चौकशी पोलिसी नसावी. आपले लिहिलेले कोणीतरी मन लावून वाचले, याचा आनंद त्यात मुलाला मिळाला पाहिजे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग असेल.

याला वेळ लागतो, आणि हा मुद्दा वरच्यांनी ऐकला पाहिजे. साठ मुलांचा वर्ग आणि प्रत्येकाशी पाच मिनिटे म्हणजे एका लिखाणामागे पाच तास, वाचनाचे वेगळे. ग्रामीण महाविद्यालयांतला मोठा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, वाचलेल्या पानाचे नाही. विद्यापीठाने ओळखयंत्राच्या परवान्यावर पैसा घालण्याआधी तो या पाच तासांवर घालावा. शाळेत शिक्षकाच्या अंगावरची इतर कामे काढून हा वेळ वेळापत्रकात छापून द्यावा, आणि वर्षाला पंधरा लिखाणे न मागता तीनच मागण्याची मुभा त्याला असावी. पुस्तिकेतले शेवटचे टिपण याच हिशेबाचे आहे. ते मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी आधी वाचावे.